जलशुद्धीचा व्यवसाय

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालेला प्रवासी जांबोटीस पोहोचला म्हणजे पावसाच्या प्रदेशात शिरतो. पुढे कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. आषाढ-श्रावणात या रानातील ओहोळ तांबड्या मातीने असे गढूळ होतात की भरलेल्या घागरीचा तळ दिसू नये. हेच पाणी खानापूरवरून वाहत सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठते, तेथून अम्मिनभावीच्या शुद्धीकरण केंद्रात जाते आणि हुबळी-धारवाडच्या नळांतून स्वच्छ होऊन बाहेर पडते. या प्रवासात पाण्यावर कोणता संस्कार होतो आणि तो करणे हा मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवसाय कसा झाला, हे समजून घेणे जांबोटीच्या परिसरातील माणसालाही अगत्याचे आहे.

मूळ कल्पना घरोघरी परिचयाची आहे. निवळीचे बी उगाळून घागरीत टाकणे किंवा पाण्यात तुरटी फिरवणे हा उपाय आजीच्या काळापासून चालत आला. मातीचे अतिसूक्ष्म कण आपणहून तळाशी बसत नाहीत, कारण त्यांच्या पृष्ठभागावर सारखाच विद्युत्भार असतो व ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम हा भार नाहीसा करते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या जड होऊन खाली बसतात. शुद्धीकरण केंद्रात हेच काम मोठमोठ्या टाक्यांत चालते. निवळलेले पाणी वाळूच्या गाळणीतून जाते, आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. गाळणी तुंबली म्हणजे खालून उलटा प्रवाह सोडून वाळू धुवावी लागते.

ऐकायला हे सोपे वाटते, आणि यंत्रे बसवणेही तसे सोपेच. अवघड आहे ते रोजचे चालवणे. काल पडलेल्या पावसाने नदीचा गढूळपणा दुप्पट झाला असेल, तर कालचे तुरटीचे प्रमाण आज उपयोगाचे नाही. म्हणून काचेच्या भांड्यांत नमुने घेऊन, प्रत्येकात वेगवेगळी मात्रा घालून, कोणत्या भांड्यातील पाणी सर्वांत चांगले निवळते हे पाहावे लागते. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांचे पाणी मिळते. ते लक्ष्मीटेक व बसवणकोळ्ळ येथे शुद्ध होते. तेथेही श्रावणातील पाणी आणि वैशाखातील पाणी यांना एकच मात्रा चालत नाही.

या धंद्याची वाढ कशी होते, याचे उदाहरण मुंबईच्या आयन एक्स्चेंज कंपनीचे घेता येईल. परम्युटिट या ब्रिटिश कंपनीची शाखा म्हणून ती १९६४ साली स्थापन झाली आणि १९८५ साली परदेशी भागीदाराने आपले भाग सोडल्यावर पूर्णतः भारतीय झाली. तिच्या नावातच तिची विद्या आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम राळेच्या बारीक मण्यांवर अडकवून त्यांच्या बदल्यात सोडियम सोडायचे, हा तो विनिमय. असे पाणी बॉयलरला हवे असते. नाहीतर नळ्यांच्या आत खपली धरते, इंधन वाया जाते आणि प्रसंगी नळी फुटते. वीजकेंद्रे, कापडगिरण्या, साखर कारखाने ही म्हणूनच अशा कंपन्यांची स्वाभाविक गिऱ्हाइके. निपाणीच्या परिसरातील ऊसवाल्याला बॉयलरची ही व्यथा सांगावी लागत नाही. पुढे या कंपनीने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची कामे हाती घेतली, झिरो-बी या नावाने घरगुती उपकरणे विकली, आणि जलजीवन अभियानात उत्तर प्रदेशातील सुमारे हजार खेड्यांच्या पाणीयोजनांचे काम पत्करले. कारखान्याच्या बॉयलरपासून खेड्यातील नळापर्यंतचा हा विस्तार आहे.

या विस्तारात व्यवहाराचे रूपही पालटले. पूर्वी कंपनी यंत्रे उभारून, बिल घेऊन निघून जाई. नगरपालिकेकडे पुढे कुशल माणूस असेलच असे नाही, आणि तुरटीचे पैसे अंदाजपत्रकात असतीलच असेही नाही. आता पुष्कळ निविदांत काही वर्षे केंद्र चालवण्याची जबाबदारीही कंपनीवर असते. बेळगाव, हुबळी, धारवाड व गुलबर्गा येथे जागतिक बँकेच्या कर्जातून चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. २००८ साली निवडक वस्त्यांत ते पाणी सुरू झाले. चालवणारी कंपनी फ्रान्सची व्हिओलिया होती आणि तिच्या मोबदल्याचा काही भाग कामगिरीवर अवलंबून होता. बेळगाव शहराचे पुढचे काम लार्सन अँड टुब्रोकडे आले.

चोवीस तासांचा हा आग्रह चैनीसाठी नाही. नळ तासभर चालून बंद झाला की वाहिनीतील दाब ओसरतो आणि फुटक्या सांध्यांतून भोवतालचे घाण पाणी आत शिरते. केंद्रात निर्मळ केलेले पाणी मग वाटेतच नासते. धारवाडकडील नळांच्या पाण्याची तपासणी संशोधकांनी केली तेव्हा हाच फरक दिसून आला.

खेड्यांचा प्रश्न मात्र हिशेबापाशी येऊन अडतो. मुंबईच्या भांडुप केंद्राची क्षमता दिवसाला १९१ कोटी लिटर आहे. जलजीवन अभियानाच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने दोन हजार वस्तीच्या गावाला १ लाख १० हजार लिटर लागतात. भांडुपला एक रसायनतज्ज्ञ ठेवला तर त्याचा पगार कोट्यवधी लिटरवर वाटला जातो. खेड्यात तोच भार काही शे घरांवर पडेल. घाटमाथ्यावर तर वाड्या विखुरलेल्या, रस्ते पावसात खचणारे, वीज बेभरवशाची. कंपनीला येथे नफा थोडा. म्हणून अनेक गावांची मिळून एक योजना करावी, की प्रत्येक गावाने आपली लहान गाळणी स्वतः सांभाळावी, असा वाद आहे. एकत्रित योजनेत तज्ज्ञ परवडतो, पण वाहिनी लांबते व एक पंप बिघडला की सारी गावे कोरडी राहतात. जांबोटीसारख्या भूभागात दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. मात्र त्यासाठी गाळणी धुणाऱ्या माणसाचे वेतन आणि क्लोरीनची खरेदी यांची तरतूद निविदेतच, वर्षांच्या मुदतीसह, लिहिलेली हवी.

तशी तरतूद पाळली जाते की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. गावातील शेवटच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पिवळी छटा उमटते. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले असले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. छटा उमटली नाही, तर त्या दिवशी केंद्रात किंवा वाटेत कोठेतरी काम राहिलेले असते.