मतदारच जिथं सभासद

आमदार-खासदार आपण निवडून देतो आणि पुढची पाच वर्षं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो. पण निवडून न येताही बसता येईल, असं एक सभागृह प्रत्येक गावाजवळ आहे. गावच्या मतदार यादीत नाव असलं, की माणूस ग्रामसभेचा सभासद होतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, तिला राज्यघटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. विकासकामांच्या खर्चाला मंजुरी देणं, घरकुलाचे लाभार्थी ठरवणं हा तिचा अधिकार. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा होते.

घात होतो तो कोरमपाशी. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजर हवीत. ती जमली नाहीत, की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! पुढच्या खेपेला पारावर बसलेल्या मूठभर माणसांनी केलेले ठराव सगळ्या गावाचे म्हणून इतिवृत्तात चढतात. घरी बसलेल्याला वाटतं, आपण कशातच नव्हतो. माझ्या मते, त्याच्या नावावर सर्वांत जास्त निर्णय झालेले असतात.

याच्या उलट चित्र दारूबंदीच्या मतदानात दिसतं. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी दारूचं दुकान बंद करण्याची लेखी मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि गुप्त मतदान लावतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या. म्हणजे जी बाई आलीच नाही, तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूला जातं. लग्न होऊन सासरी गेलेली, ऊसतोडीला बाहेर पडलेली, इतकंच काय, वारलेली पण यादीत राहिलेली बाईसुद्धा त्या हिशेबात धरली जाते. म्हणून मतदानाआधी बायका यादी हातात घेऊन घरोघर फिरतात, एकेक नाव तपासतात. इतकी कडक अट आमदाराच्या निवडणुकीलाही नाही. तरी राज्यात कितीतरी गावांनी बाटली आडवी केली आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर याच्याही पुढे गेलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या छोट्याशा गोंड गावाची घोषणा. गावातलेच देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने दोन सवयी लावून घेतल्या. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने करायचा; एकाचाही विरोध असेल तर चर्चा चालू ठेवायची. आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. यात वेळ फार जातो, हे खरं. पण ठराव पाडणारा गटच गावात उरत नाही.

वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू मात्र गावाला विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. गाव मागे हटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हवाली केलं. तेव्हापासून मेंढ्याचा बांबू गावाबाहेर जातो तो ग्रामसभेच्या परवान्यावर.