आवृत्ती-नियंत्रणातील जुन्या शाखांची स्वयंचलित सफाई

आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच्या भांडारात काम पूर्ण होऊनही शिल्लक राहिलेल्या किंवा दीर्घकाळ कोणीही हात न लावलेल्या शाखा ठरावीक नियमांनुसार शोधून संगणकाकरवी काढून टाकणे, या प्रक्रियेस जुन्या शाखांची स्वयंचलित सफाई असे म्हणतात. सॉफ्टवेअर-निर्मितीत आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गिट या प्रणालीच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. गिटमध्ये शाखा तयार करणे अत्यंत सोपे असल्याने त्यांची संख्या वेगाने वाढते. शाखा काढणे आणि तिच्यातील काम पुसले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कधी वेगळ्या राहतात आणि कधी एक होतात, हे ओळखण्यावर या प्रक्रियेची सुरक्षितता अवलंबून असते.

शाखेचे स्वरूप

गिट ही प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी जुलैपासून जुनिओ हमानो हे तिची देखभाल करीत आहेत. गिटमध्ये केलेला प्रत्येक बदल 'कमिट' या नोंदीच्या रूपाने साठवला जातो आणि प्रत्येक कमिटला आपल्या आधीच्या कमिटची ओळख ठाऊक असते. अशा रीतीने नोंदींची साखळी तयार होते.

शाखा म्हणजे या साखळीतील एका कमिटला दिलेले नाव होय. प्रचलित पद्धतीत ते नाव एका लहानशा फाइलीत साठवले जाते. त्या फाइलीत कमिटची ४० अक्षरी ओळख आणि ओळ संपल्याची खूण, असे एकूण ४१ बाइट असतात. नवे कमिट केले की नाव पुढच्या कमिटवर सरकते. शाखा काढून टाकली असता हे नाव जाते, कमिट तत्काळ जात नाही. तेच कमिट मुख्य शाखेच्या साखळीतही असेल, तर नाव गेल्याने काहीही हरवत नाही. मात्र कोणत्याही दुसऱ्या नावावरून त्या कमिटपर्यंत पोहोचता येत नसेल, तर कालांतराने गिट ते निरुपयोगी समजून पुसून टाकते.

गिटच्या आधी लोकप्रिय असलेल्या सबव्हर्जन या प्रणालीत शाखा ही निर्देशिकेची प्रत असते. ती काढली तरी काढण्याची क्रिया इतिहासातच नोंदली जाते आणि जुन्या क्रमांकाच्या आवृत्तीतून शाखा पुन्हा मिळवता येते. गिटच्या शाखेला असे संरक्षण आपोआप लाभत नाही.

सफाईची आवश्यकता

जुन्या शाखा जागा फारशी व्यापत नाहीत, त्यांचा त्रास निराळ्या प्रकारचा असतो. शेकडो नावांच्या यादीत चालू काम कोणते व सोडून दिलेले कोणते, हे नव्याने आलेल्या सहकाऱ्यास कळत नाही. एखादी दुरुस्ती अर्धवट शाखेवर आधीच झालेली असूनही ती पुन्हा केली जाते. जुन्या शाखेवरून नवी शाखा काढल्यास विलीनीकरणाच्या वेळी संघर्ष उद्भवतात.

नावांचाही अडथळा होतो. 'शोध' नावाची शाखा अस्तित्वात असेपर्यंत 'शोध/जलद' अशी शाखा करता येत नाही, कारण प्रचलित साठवणीत एकच नाव फाइलीला आणि निर्देशिकेला देता येत नाही. शिवाय भांडाराची पूर्ण प्रत घेताना सर्व शाखांवरील नोंदी उतरवल्या जातात. मोबाइलच्या मर्यादित डेटावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यास न विलीन झालेल्या जुन्या शाखांचा भार विनाकारण सोसावा लागतो. अशा वेळी केवळ एकाच शाखेची प्रत घेण्याची सोय गिटमध्ये आहे.

जुनी शाखा ओळखण्याचे निकष

विलीनीकरण : शाखेचे शेवटचे कमिट मुख्य शाखेच्या इतिहासात आहे काय, हे गिटच्या 'ब्रँच' आज्ञेला 'मर्ज्ड' हा पर्याय जोडून पाहता येते. हा निकष सर्वांत विश्वसनीय असला, तरी त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, नुकतीच काढलेली आणि अद्याप एकही कमिट नसलेली शाखादेखील 'विलीन' म्हणूनच दिसते, कारण ती मुख्य शाखेच्याच कमिटकडे निर्देश करीत असते. त्यामुळे सकाळी काम सुरू करण्यासाठी केलेली शाखा रात्रीच्या सफाईत जाऊ शकते. दुसरी मर्यादा 'स्क्वॉश' पद्धतीच्या विलीनीकरणाची. या पद्धतीत शाखेवरील अनेक कमिटांचे एकच नवे कमिट करून ते मुख्य शाखेत घातले जाते. आशय तोच असला तरी ओळख बदलते आणि गिटच्या दृष्टीने मूळ शाखा 'अविलीन' राहते. अशा प्रकल्पांत सफाईसाठी भांडार-सेवेकडील विलीनीकरण-विनंतीची स्थिती पाहावी लागते.

वय : शेवटच्या कमिटच्या दिनांकावरून शाखांचा क्रम लावता येतो. परंतु हा दिनांक कमिटचा असतो, शाखेचा नव्हे. जुन्या कमिटवरून आज काढलेली शाखाही जुनी भासते. केवळ वयावरून शाखा काढणे म्हणूनच धोक्याचे मानले जाते. वय हे मालकास विचारणा करण्याचे निमित्त ठरू शकते, काढण्याचे कारण नव्हे.

दूरस्थ शाखेचा अभाव : सर्व्हरवरील शाखा काढली गेली, तरी प्रत्येकाच्या संगणकावरील तिची प्रत तशीच राहते. दूरस्थ शाखांच्या स्थानिक खुणा 'प्रून' केल्यानंतर शाखांची सविस्तर यादी मागितल्यास अशा प्रतीपुढे ती 'गेली' असल्याची खूण दिसते.

स्वयंचलनाच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे विलीनीकरण होताच शाखा काढणे. गिटहब या सेवेवर २०१९ पासून तशी व्यवस्था भांडारासाठी एकदाच चालू करून ठेवता येते. गिटलॅबवर विलीनीकरण-विनंतीसोबत मूळ शाखा काढण्याचा पर्याय असतो. विलीनीकरणाचा पुरावा त्याच क्षणी उपलब्ध असल्याने या पद्धतीत चुकीचा संभव कमी असतो आणि स्क्वॉशची अडचणही येत नाही.

दुसरी पद्धत वैयक्तिक संगणकावरील. 'फेच' या आज्ञेसोबत 'प्रून' हा पर्याय दिल्यास सर्व्हरवर नसलेल्या शाखांच्या स्थानिक खुणा निघून जातात आणि हा पर्याय कायमचा चालूही ठेवता येतो. वापरकर्त्याने स्वतः तयार केलेल्या स्थानिक शाखांना मात्र तो स्पर्श करीत नाही.

तिसरी पद्धत ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीची. यासाठी सर्व्हरवरील 'क्रॉन' किंवा गिटहब अ‍ॅक्शन्ससारखी सेवा वापरतात. गिटहब अ‍ॅक्शन्समधील वेळापत्रक मुळात यूटीसी प्रमाणवेळेनुसार असते. तेथे मध्यरात्र नेमली, तर भारतात ते काम पहाटे साडेपाचला सुरू होते. तसेच सार्वजनिक भांडारात ६० दिवस कोणतीही हालचाल न झाल्यास हे वेळापत्रक बंद पडते.

सुरक्षित आज्ञावलीत सामान्यतः पुढील टप्पे असतात :

१. मुख्य शाखा, प्रकाशनाच्या शाखा आणि संरक्षित शाखा प्रथमच वगळणे.
२. उरलेल्या शाखांची यादी करून काही दिवस केवळ अहवाल देणे, काहीही न काढणे.
३. अविलीन शाखांच्या कर्त्यांना सूचना व मुदत देणे.
४. मुदतीनंतर काढण्यापूर्वी शेवटच्या कमिटला 'टॅग' लावून ठेवणे किंवा त्याची ओळख नोंदवहीत लिहिणे.
५. तपासणीनंतर कोणी नवे काम पाठवलेले नाही, याची खात्री करूनच शाखा काढणे. शाखा अपेक्षित कमिटवरच असेल तरच ती काढावी, अशी अट 'पुश' आज्ञेला घालता येते.

स्थानिक शाखा काढताना गिट लहान लिपीतील 'डी' या पर्यायाने अविलीन शाखा काढण्यास नकार देते, तर मोठ्या लिपीतील 'डी' हा पर्याय न विचारता काढतो. आज्ञावलीत सोयीखातर दुसरा पर्याय लिहिला, तर गिटने ठेवलेला अखेरचा अडसरही दूर होतो.

मीडियाविकीचे उदाहरण

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचे भांडार मार्च २०१२ मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये आणले गेले. या प्रकल्पात दोन प्रकारच्या शाखा दिसतात आणि त्यांचे आयुर्मान एकमेकांहून अगदी भिन्न आहे.

पहिला प्रकार साप्ताहिक शाखांचा. नेहमीच्या आठवड्यात मुख्य शाखेवरून एक नवी शाखा आपोआप काढली जाते. ती मंगळवारी चाचणीच्या संकेतस्थळांवर, बुधवारी काही सहप्रकल्पांवर आणि गुरुवारी मराठीसह बहुतेक विकिपीडियांवर बसवली जाते. पुढच्या आठवड्यांत नवी शाखा आली की आधीचीचे प्रयोजन संपते. तैनातीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'स्कॅप' या साधनातच जुन्या शाखा स्वच्छ करण्याची आज्ञा दिलेली आहे.

दुसरा प्रकार प्रकाशनाच्या शाखांचा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली १.४३ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती असून अशा आवृत्तीस सुमारे ३ वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. त्या काळात तिच्या शाखेवर अनेक आठवडे शांतता असली, तरी ती जुनी झाली असे म्हणता येत नाही. यामुळे सफाईचा नियम शाखेच्या वयावर न आधारता तिच्या नावावर व प्रयोजनावर आधारणे श्रेयस्कर ठरते. शाखांना प्रकारानुसार ठरावीक उपसर्ग देण्याच्या शिस्तीचा खरा लाभ येथे होतो.

पुनर्प्राप्ती

चुकून काढलेली शाखा बहुधा परत मिळवता येते. गिट आपल्या हालचालींची नोंद 'रेफलॉग'मध्ये ठेवते. अन्य नावांवरून न पोहोचता येणाऱ्या कमिटांच्या नोंदी तेथे डीफॉल्टनुसार ३० दिवस राहतात. शाखा काढताच तिचा स्वतःचा रेफलॉग जातो, परंतु त्या संगणकावर ती शाखा उघडून काम केले असल्यास 'हेड'च्या रेफलॉगमध्ये कमिटची ओळख सापडते आणि तिच्यावर पुन्हा शाखा काढता येते. सर्व्हरवरील भांडारात रेफलॉग सहसा बंद असतो. गिटहबवर बंद झालेल्या विलीनीकरण-विनंतीच्या पानावरून शाखा पूर्ववत करण्याची सोय आहे. विनंती न करताच पाठवलेल्या शाखेस ही सोय मिळत नाही. तिची दुसरी प्रत कोणाच्या संगणकावर नसेल, तर सफाईपूर्वी लावलेला टॅग किंवा नोंदवलेली ओळख हाच शेवटचा आधार राहतो.

हेही पाहा

गिट
सबव्हर्जन
मीडियाविकी
मराठी विकिपीडिया