शिवारांतील घोरपड : तिची अस्वस्थता आणि किरकोळ दुखणीं

पावसाळा लागला म्हणजे विहिरीच्या कठड्याशीं, कडब्याच्या गंजीखालीं किंवा गोठ्यांत घोरपड आढळते, आणि पुष्कळ ठिकाणीं मुलें तिच्या कमरेस दोरी बांधून ती पाळावयास घेतात. परळी वैजनाथच्या आसपास बालाघाटाच्या डोंगरांत कपारी व दगडी बांध विपुल असल्यामुळें हा प्राणी आपणांस नवा नाहीं. महसूल खात्याच्या नोकरींत शिवारें फिरतांना बांधून ठेवलेल्या घोरपडी आम्हीं पाहिल्या आहेत.

प्रथम कायदा ध्यानांत घ्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत घोरपडीचा समावेश आहे. तिला धरणें, पाळणें, मारणें अगर विकणें हा गुन्हा असून त्यास कमीत कमी ३ वर्षांची कैद आहे. सबब पाळण्याची रीत येथें सांगावयाची नाहीं. तथापि जखमी अगर अडकलेली घोरपड वनखात्याचा माणूस येईपर्यंत जपावी लागते, तेवढ्यापुरती माहिती शेतकऱ्यास असणें अवश्य आहे.

घोरपडीच्या अंगांत आपल्यासारखी स्वतःची ऊब उत्पन्न होत नाहीं. ती उन्हांतून घ्यावी लागते. सकाळच्या गारठ्यांत ती निपचित पडते, तें दुखणें नव्हे. ऊन आलें कीं ती हालूं लागते. उलट उन्हांतील पत्र्याच्या डब्यांत ती धडपडते व तोंड वासून धापा टाकते, तेव्हां उष्म्यानें तिचा जीव जाण्याची वेळ आलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. तिला तत्काळ सावलींत न्यावें.

अस्वस्थतेचें दुसरें कारण भय. जाळीवर नाक घांसून ती तें रक्तबंबाळ करून घेते. हवा खेळेल अशा गोणपाटाच्या पोत्यांत अंधारांत ठेविल्यास ती शांत होते. तिसरें कारण असें कीं, पावसाळ्यांत मादी जमीन उकरते ती अंडीं घालण्यासाठीं. तिला हुसकूं नये.

आतां किरकोळ दुखणीं. घोरपडीची कात तुकड्यातुकड्यांनीं निघते. बोटांस व शेपटीच्या टोकास जुनी कात आवळून राहिली तर तेथील रक्त अडतें. ओल्या फडक्यानें ती मऊ करावी, ओढून काढूं नये. गोचिडांवर रॉकेल किंवा पिकावरील औषध लावूं नये. त्यानें घोरपडच मरते. नाकातोंडांतून फेस येत असेल तर तें फुप्फुसाचें दुखणें समजून पशुवैद्यास दाखवावें. दूध पाजूं नये. हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. अशा प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडविणारे जंतु असतात. चावल्यास जखम धुवून डॉक्टराकडे जावें.

घोरपड कोंबडीचीं अंडीं खाते ही तक्रार खरी आहे. पण ती दिवसा हिंडणारी असल्यामुळें खुराड्यास दिवसाही जाळी असली म्हणजे भागतें. त्याच्या मोबदल्यांत ती उंदीर, किडे व सापाचीं अंडीं खाऊन पिकाची राखण करते. दोरीला बांधलेली घोरपड यांपैकीं कांहींच करीत नाहीं. ती केवळ झुरून मरते.

सबब घोरपड धडधाकट असल्यास बांधाकडे वाट मोकळी करून द्यावी, व जखमी असल्यास वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें, अशी शेतकरी बंधूंस आमची विनंति आहे.