विदेशी विद्वान आणि आपली ज्ञानभांडारे

हुडकेश्वरच्या एखाद्या व्यापारी घरातील कन्या पीएच.डी. करू लागली की तिच्याकडे शोधनिबंध मागणारी पत्रे येऊ लागतात. पत्रावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ठळक असतो, संपादक मंडळात चार देशांची नावे असतात आणि तळाशी शुल्काचा आकडा असतो. वडिलांची नजर त्या आकड्यापाशी अडते, ते योग्यच. परंतु विदेशी विद्वानांकडून लेखन मागवणे हा उद्योग मुळात हलका नव्हे. मुंबईने तो दीडशे वर्षांपूर्वी केला आणि त्याचा मोठा लाभ जैन समाजाला झाला.

जेम्स बर्जेस हे मुंबईत शिक्षणकार्य करणारे स्कॉटिश गृहस्थ. शत्रुंजयावरील मंदिरांविषयी १८६९ मध्ये त्यांनी ग्रंथ काढला होता. १८७२ मध्ये त्यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ हे मासिक सुरू केले. भारतीय आणि युरोपीय अभ्यासकांनी एकाच ठिकाणी लिहावे, ही त्यामागची योजना. पहिल्याच वर्षी रा. गो. भांडारकरांनी पतंजलीच्या काळाविषयी लिहिले. बर्लिनच्या आल्ब्रेख्त वेबर यांनी आक्षेप घेतला. भांडारकरांनी प्रत्युत्तर दिले. दोन्ही बाजू छापल्या गेल्या. निमंत्रणाचा खरा अर्थ हा असतो; पाहुण्याचे नाव मुखपृष्ठावर मिरवणे नव्हे.

त्या काळी लासेनसारखे मातब्बर पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा मानत. हेरमान याकोबी या जर्मन अभ्यासकाने १८७३-७४ मध्ये ब्यूलर यांच्यासमवेत राजस्थानातील ग्रंथभांडारे पाहिली आणि १८७९ मध्ये कल्पसूत्राची आवृत्ती काढून तिच्या प्रस्तावनेत जैन धर्माचे स्वतंत्रपण मांडले. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, महावीर आणि त्यांचे पूर्वसूरी या विषयावरील त्यांचा लेख मुंबईच्या या मासिकात आला. भगवान पार्श्वनाथ ही ऐतिहासिक व्यक्ती होती, हा विचार विद्वानांत रुजू लागला. श्रावकाला ते नव्याने सांगण्याची गरज नव्हती. जगाला मात्र होती.

वेबर यांची कथा व्यापाऱ्यांना अधिक रुचेल. ब्यूलर यांनी मुंबई इलाख्यातून मिळवलेली जैन हस्तलिखिते बर्लिनच्या ग्रंथालयात गेली. त्यांच्या आधारे वेबर यांनी जैन आगमांवर जर्मनमध्ये विस्तृत प्रबंध लिहिला आणि १८८८ पासून त्याचा इंग्रजी अनुवाद याच मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. हुंडी सव्याज परत आली म्हणायची.

आजच्या बाजारात असा व्यवहार दुर्मीळ आहे. पुण्याचे भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांतील १,००९ तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकषांस उतरली नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने नंतर केअर यादी केली; २०२५ मध्ये तीही थांबवली. आता पारख विद्यार्थ्याची आणि त्याच्या संस्थेची. शुल्क कशाचे, लेख कोण तपासतो, तपासनीसाने नाकारलेला लेख परत जातो का, एवढे विचारले तरी पुरेसा उलगडा होतो. धनादेशावरील सही न पडताळता रक्कम देणारी बँक जशी, तसेच परीक्षणाविना छापणारे नियतकालिक.

आपल्या न्यासांनी संशोधन पत्रिका काढण्याचे मनावर घेतले, तर विदेशी अभ्यासकाला पत्र लिहिण्यापूर्वी आपल्यापाशी द्यायला काय आहे हे पाहावे. विदर्भापुरते बोलायचे तर कारंजा आहे. तेथील बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ या मंदिरांच्या भांडारांतील पोथ्यांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत नागपुरातून प्रसिद्ध झाली. १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ कारंजाच्या ग्रंथमालेत निघाले. अपभ्रंश वाचणारा जर्मनीतला अभ्यासक मानधनापेक्षा त्या पोथ्यांच्या स्वच्छ छायाप्रती मागेल.