डिझेल ट्रक पहाटे सुरू का होत नाही?

हुडकेश्वर हे एकेकाळचे खेडे आता नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झालेले आहे. तथापि शहराच्या या बाजूकडील गावांतून मेथी, पालक, सांभार व वांगी यांचा माल आजही नागपूरच्या बाजारात जातो, आणि तो दिवस उजाडण्यापूर्वी पोहोचावा लागतो. माल रात्रीच भरून ठेवलेला असतो. पहाटे चालक किल्ली फिरवितो, सेल्फ जोरात फिरतो, परंतु इंजिन काही सुरू होत नाही. अशा वेळी तासाभराचा विलंब झाला तरी पालेभाजी मलूल होते व लिलावात मागे पडते. मिस्त्री येईपर्यंत आणखी एक तास जातो. म्हणून दोष कोठे आहे हे स्वतः ओळखता येणे ही मालवाहतूक करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पैशाची बाब होय.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात केवळ हवा दाबली जाते. मूळच्या जागेच्या सुमारे सोळा ते अठराव्या हिश्श्यात कोंडलेली ती हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि तीत नोझलमधून धुक्यासारखे उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. यावरून हे स्पष्ट होईल की इंजिन फिरते पण सुरू होत नाही, तेव्हा एकतर डिझेल पोहोचत नाही, अथवा पोहोचूनही ते पेटण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही. या दोहोंपैकी काय घडले आहे हे सांगणारा साक्षीदार म्हणजे सायलेन्सर. पाना हाती घेण्यापूर्वी एकाने सेल्फ मारावा व दुसऱ्याने मागे उभे राहून धूर पाहावा. पाने घेऊन आधी नोझल खोलण्याची जी प्रथा पडली आहे, ती सर्वस्वी उलटी आहे.

धूर मुळीच निघत नसेल तर डिझेल इंजिनात जातच नाही असे समजावे. प्रथम टाकीत स्वच्छ काठी घालून डिझेल मोजावे. काट्यावर विसंबू नये. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्याची दोरी ओढलेल्या स्थितीतच अडकून राहते व पंप डिझेल सोडीत नाही. ज्या गाड्यांत हे काम विजेवर होते, तेथे फ्यूज तपासावा. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज झाला, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे असे जाणावे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाकावे. हिवाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की तिच्या आतील बाजूस दंव धरते. म्हणून टाकी शक्यतो संध्याकाळीच भरून ठेवावी.

इतके करूनही धूर दिसत नसेल तर बहुधा नळीत हवा शिरलेली असते. मिस्त्री याला ‘एअर घेतली’ असे म्हणतात. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. नळीत बुडबुडा असला की पंपाचा सारा जोर तो दाबण्यातच खर्च होतो व नोझल उघडत नाही. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेणारी असते. तिच्यात बारीक चीर पडली किंवा तिचा तांब्याचा वॉशर झिजला, तर कित्येकदा बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, कारण डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभरात नळीतील डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. संध्याकाळी बिनतक्रार चाललेली गाडी पहाटे अडून बसते ती याच कारणाने, आणि चालक मात्र थंडीला दोष देत राहतो.

हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. प्रथम फेस येईल, मग अखंड धार लागेल. पंप मारीत असतानाच स्क्रू कसावा. हीच क्रिया इंधनपंपावरील स्क्रूशी करावी. नंतर सेल्फ मारून पाहावा. नळीबद्दल संशय असल्यास स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर ठेवून त्यातून फीड पंपास वेगळी नळी जोडावी. गाडी सुरू झाली की दोष टाकी व फीड पंप यांच्या दरम्यान आहे हे निश्चित होते.

पांढरा धूर भरपूर निघत असेल तर डिझेल पोहोचले आहे, पण जळत नाही. अशा वेळी सेल्फचा वेग पाहावा. सेल्फ रेंगाळत असेल तर दाबलेली हवा तापण्यापूर्वीच थंड सिलिंडरला उष्णता देऊन बसते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. अशा पहाटे बॅटरीचा जोर बराच घटणे नवल नव्हे. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवून टोके घट्ट करावीत, व्हॅसलीन लावावे. गाडीस हीटर असल्यास त्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये दोन मिनिटे विश्रांती द्यावी; न जळलेले डिझेल सिलिंडरवरील तेल धुऊन टाकते आणि दाब आणखी घटतो. वेग चांगला असूनही पांढरा धूर राहिला, तर नोझल, रिंगा किंवा पंपाची वेळ यांत दोष असतो. ते काम कारखान्याचे होय. काळा धूर निघाल्यास हवेची जाळी धुळीने तुंबली आहे काय, हे पाहावे.

काही ठिकाणी जाळीपाशी पेट्रोलचा बोळा धरून किंवा ईथर फवारून इंजिन उठविले जाते. हीटर तापलेला असताना असे केल्यास भडका उडतो, आणि अवेळी पेटलेल्या वाफेने पिस्टन व रिंगा फुटतात. टाकीखाली पलिता धरणे तर जिवावर बेतते. नोझलमधून सुटणाऱ्या धारेसमोर हात कधीही धरू नये. ती कातडी भेदून आत शिरते व जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

१ एप्रिल २०२० पासून विक्रीस आलेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत हा दाब फारच मोठा असतो. त्यांच्या जाड पोलादी नळ्या रस्त्यावर सैल करू नयेत. टाकी, फ्यूज, बॅटरी व फिल्टरचे पाणी एवढेच पाहून पुढील तपासणी यंत्राकडे सोपवावी. विहिरीवरील साध्या डिझेल इंजिनास मात्र वरील धुराची कसोटी जशीच्या तशी लागू पडते. तेथे सेल्फऐवजी हँडल असते, आणि बहुतेक वेळा डिझेलची तोटीच बंद राहिलेली आढळते.