मेसराम ते मेश्राम

भंडारा शहराचं मुख्य रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीत आहे. मुंबई-हावडा मार्गावरचा प्रवासी इथे उतरतो तेव्हा त्याला पिवळ्या पाटीवर ‘भंडारा रोड’ हे नाव दिसतं; आपण वरठीत उतरलो हे त्याला रिक्षावाला सांगतो. जागा एकाची आणि पाटी दुसऱ्याची. आडनावांचंही पुष्कळदा असंच होतं. पाटी वाचून माणसाचं गाव, जात, कूळ सगळं कळलं असं आपण समजतो, आणि तिथेच चुकतो.

वैनगंगेच्या या पट्ट्यात काही आडनावं सरळ गावाकडे बोट दाखवतात. लांजेवार म्हटलं की बालाघाटकडची लांजी आठवते, तुमसरे म्हणजे तुमसर, पौनीकर म्हणजे पवनी, नगरधने म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. पोवारांची तऱ्हा वेगळी. त्यांची छत्तीस ‘कुरं’. बिसेन, पटले, राहांगडाले, टेंभरे ही त्यांतलीच. माळव्यातून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात आल्याची आठवण हा समाज सांगतो. पण भंडारा जिल्ह्यात ज्या आडनावाचा शोध घ्यायला हवा, ते इतकं ओळखीचं आहे की कुणी त्याकडे वळून पाहत नाही. मेश्राम.

हजेरीपटात हे आडनाव दोन-तीनदा येणं ही इकडच्या शाळांतली नेहमीची गोष्ट. एक मेश्राम गोंड असतो, दुसरा बौद्ध, तिसरा तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरचा. नातं कुणाचं कुणाशी नाही, आडनाव मात्र एकच.

या नावाच्या शेवटी ‘राम’ ऐकू येतो, पण तो कानाला होणारा भास आहे. गोंडांची इतर नावं शेजारी ठेवून पाहावीत: आत्राम, टेकाम, मरकाम, नैताम, सिडाम, तोडसाम. शेवटी सगळीकडे ‘आम’. गोंडीत आंब्याला मरका म्हणतात, सागाला टेका. त्यावरून मरकाम आणि टेकाम. मेसराम याच माळेतला मणी. तेलंगणातल्या आदिलाबादकडचे गोंड आजही ‘मेसराम’ असाच उच्चार करतात. मराठी मुलखात ‘स’चा ‘श’ झाला, शेवटचा ‘राम’ उठून दिसू लागला आणि नाव संस्कृत घराण्यातलं वाटू लागलं. मराठी जिभेने इतर पाड्यांनाही आपलं वळण दिलं आहे. उईका इथे उईके होतो, धुर्वा धुर्वे. निजामाच्या राज्यात ‘जल, जंगल, जमीन’साठी लढलेला आणि 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेलेला कुमरम भीम ज्या पाडीचा, तिचीच माणसं विदर्भात कुमरे म्हणून भेटतात.

पाडी हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. गोंडांच्या घरी आडनाव म्हणजे कुटुंबाची पाटी नव्हे, ती पाडी, म्हणजे कूळ. पाडीच्या वर सगा, आणि सग्याची ओळख देवांच्या संख्येवरून: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न मुलगा काय कमावतो हा नसतो. “तुमचे देव किती?” हे आधी विचारलं जातं. दोन्हीकडून ‘सात’ आलं तर बोलणी तिथेच थांबतात, कारण सातदेव्यांची सगळी घरं भाऊबंद. आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये मेसराम या सातदेव्यांत मोडतात.

आयर्लंडमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या कपड्यांत दिसते. युरोपात वंशपरंपरेने चालणारी आडनावं फार लवकर रुजली ती तिथे. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘ओ क्लेरी’ या घराण्याची नोंद 916 सालापासूनची. अर्थ, धर्मसेवकाचा वंशज. पुढे इंग्रजांचा अंमल आला. कारकुनांनी गेलिक नावं आपल्या कानाने ऐकली आणि आपल्या लिपीत उतरवली. ‘ओ’ गळून पडला. कुठे क्लेरी राहिलं, कुठे त्याचं थेट ‘क्लार्क’ झालं. आज आयर्लंडमधला एखादा क्लार्क मुळात इंग्रज की गेलिक, हे नुसत्या पाटीवरून सांगता येत नाही. आपल्या मेश्रामचंही तेच.

आपल्याकडचे कारकून कसं लिहीत, ते पाहायचं तर कोतवाल बुक उघडावं. जन्ममृत्यूच्या त्या जुन्या पानांवर ‘अमका वल्द तमका, जात गोंड, राहणार मौजा अमुक’ अशी ओळ भेटते. नाव, बापाचं नाव, जात, गाव. आडनावाचा अनेकदा पत्ताच नसतो. पाडी घरात होती, लग्नात आणि देवघरात होती, पण सरकारी कागदावर तिला जागा नव्हती. पुढे शाळेच्या दाखल्यावर रकाना भरावा लागला तेव्हा पाडीचं आडनाव झालं. रकाना भरणाऱ्या गुरुजींच्या कानाला जे ऐकू आलं, ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं. आज जातपडताळणीसाठी आजा-पणजाचा कागद शोधणाऱ्या माणसाला या एका अक्षराच्या फरकापायी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

या कुळाचं सगळ्यात जिवंत रूप पाहायचं तर आदिलाबाद जिल्ह्यातलं केसलापूर गाठायला हवं. इंद्रवेल्लीजवळच्या या गावात नागोबाचं ठाणं आहे आणि पूजेचा मान फक्त मेसरामांचा. पौष अमावस्येच्या जत्रेआधी मेसराम मंडळी गोदावरीच्या हस्तिनमडुगु डोहाचं पाणी आणायला अनवाणी निघतात. पाणी घेऊन परतल्यावर वडाच्या झाडाखाली मुक्काम पडतो. मग सिरिकोंड्याच्या कुंभाराने घडवलेली मातीची भांडी, वारुळाची माती आणि मध्यरात्रीची महापूजा.

त्यानंतरचा विधी आडनावाचा अर्थच उलगडून दाखवतो. वर्षभरात मेसरामांच्या घरात आलेल्या नव्या सुना पांढरी लुगडी नेसून, तोंडावर पदर ओढून, ओळीने उभ्या राहतात. त्यांना नागोबापुढे नेतात, वडीलधाऱ्यांची ओळख करून देतात. या विधीचं नाव ‘भेटिंग’. तो झाल्याशिवाय सुनेला कुळाच्या पूजेत हात घालता येत नाही. लग्नाच्या नोंदवहीत तिचं आडनाव केव्हाच बदललेलं असतं. कुळात ती येते ती या रात्री. महाराष्ट्रातूनही मेसराम कुटुंबं या जत्रेला जातात. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात याच जत्रेत दरबार भरवण्याची प्रथा पाडली, आदिवासींची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांनी तिथेच बसून ऐकावीत म्हणून. तो दरबार अजून भरतो. आणि 2022 मध्ये उभं राहिलेलं नागोबाचं नवं देऊळ मेसरामांनी आपसांत वर्गणी काढून बांधलं.

मग बौद्ध मेश्रामांचं काय? गोंड राजांच्या मुलखात अनेक समाज शतकानुशतकं एकाच शिवारात नांदले. नावं एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली यात नवल नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, धर्म बदलला, आडनाव बहुतेकांनी तेच ठेवलं. त्याच आडनावाने मराठी साहित्यात मोठी जागा मिळवली: अकोल्यात जन्मलेले कवी-कादंबरीकार केशव मेश्राम 2005 च्या नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ज्यांनी ही दीक्षा दिली त्या डॉ. बाबासाहेबांचं आडनावही असंच घडलेलं. घराणं सकपाळांचं, गाव आंबडवे, शाळेत आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. 1954 मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर. एक आडनाव आंबडव्याचं, दुसरं कुठल्याशा बोरगावचं किंवा बोरीचं, आणि लढत भंडाऱ्यात.

आडनावावरून माणसाला एका खणात टाकण्याची खोड महागात पडते, हे गोंडांइतकं कुणाला ठाऊक असणार! 1976 च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत अनुसूचित जमातीच्या यादीला विदर्भात तालुक्यांचं कुंपण होतं. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ आत, भंडारा बाहेर. म्हणजे पाडी तीच, देव तेच, तरी वैनगंगेकाठचा मेश्राम सरकारदरबारी आदिवासी नव्हता. कुंपण गेलं, संशय राहिला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की चालीरीतींच्या साधर्म्याची चाचणी ही शेवटची कसोटी मानता येणार नाही. आडनावाला तर याहून कमी वजन द्यायला हवं. आडनाव ही वाट दाखवणारी खूण आहे, निकालपत्र नव्हे.

वरठीहून पूर्वेकडची गाडी धरली की तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा येतं. तिथून कचारगडची गुहा जवळ. पारी कुपार लिंगोने याच गुहेत कोंडलेल्या लेकरांना सोडवलं, त्यांना सगे आणि पाड्या वाटून दिल्या, अशी गोंडांची श्रद्धा. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतले गोंड तिथे जमतात आणि अनोळखी माणसालाही आधी पाडी विचारतात.

ती विचारपूस घरोघरी व्हायला हवी, मग घर गोंडांचं असो, बौद्धांचं की पोवारांचं. या दिवाळीत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावं आणि लिहून घ्यावं: मूळ गाव कोणतं, कूळ किंवा पाडी कोणती, देव किती. आणि आजीचं माहेरचं आडनाव काय होतं तेही, कारण ते कोतवाल बुकातसुद्धा सापडणार नाही.