वॉटर पंप : जुन्या मोटारीची वेळेवरची दुरुस्ती

वैशाखाच्या उन्हात खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना, बॉनेट उघडे टाकून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली एखादी जुनी मोटार ज्याने पाहिली नाही असा प्रवासी महाराष्ट्रात विरळाच. थोडक्या अंतरात सुमारे पाचशे मीटरची चढण, खालचा गिअर, इंजिनाचे वाढलेले फेरे आणि मंद वेगामुळे रेडिएटरला अपुरा मिळणारा वारा, अशी चहूबाजूंनी इंजिनाची परीक्षा पाहणाऱ्या त्या जागी गाडी तापली, की मालक दोष घाटाला देऊन मोकळा होतो. वास्तविक त्या बिघाडाचे मूळ बहुधा कित्येक महिने आधीच रुजलेले असते. आणि अशा मुळांपैकी ज्याच्याबाबत सर्वांत अधिक हयगय होते ते म्हणजे इंजिनाच्या अंगाशी बसवलेला, तळहातावर मावणारा वॉटर पंप. हा पंप निकामी होईपर्यंत वाट न पाहता, तो धडधाकट दिसत असतानाच बदलून टाकणे हा जुनी गाडी राखणाऱ्या गृहस्थाने करण्याजोगा अत्यंत शहाणपणाचा खर्च होय, असे माझे मत आहे. मात्र तो केव्हा करावा, हे पंप इंजिनात कोठे बसला आहे यावर मुख्यतः अवलंबून असते, आणि हाच मुद्दा येथे विस्ताराने मांडावयाचा आहे.

पेट्रोल वा डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते, आणि उरलेल्या उष्णतेपैकी बहुतेक भाग इंजिनाच्या पोकळ भिंतींतून वाहणाऱ्या कूलंटला उचलून रेडिएटरपर्यंत न्यावा लागतो. मोटारीच्या आरंभकाळात हे काम पंपावाचूनही भागत असे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व निवलेले खाली उतरते, या निसर्गनियमावर विसंबून फोर्ड कंपनीने १९०८ साली आणलेल्या मॉडेल टी गाडीतून, पहिले सुमारे अडीच हजार नग तयार झाल्यावर, पंप काढूनच टाकला होता. पुढे इंजिनांची शक्ती वाढत गेली आणि पंप अपरिहार्य ठरला. आजच्या इंजिनात कूलंटचे तापमान सामान्यतः ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. रेडिएटरचे झाकण आत जो जादा दाब राखते, त्यामुळे कूलंट उकळण्याची मर्यादा १२० अंशांच्या आसपास जाते. महाबळेश्वरच्या सुमारे १३५० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दाबाचे महत्त्व कळते. गळका पंप कूलंट तर घालवतोच, पण त्याबरोबर हा दाबही घालवतो.

पंपाची रचना सुबोध आहे. बिडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या घरात बेअरिंगवर फिरणारा एक शाफ्ट, त्याच्या एका टोकाला बेल्टने फिरणारी पुली, दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडालेला, पाती असलेला इंपेलर, आणि या दोहोंच्या दरम्यान पाण्याला बेअरिंगपर्यंत पोहोचू न देणारे सील. या सीलमध्ये दोन गुळगुळीत कड्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर टेकलेल्या असतात, आणि कूलंटचा अतिसूक्ष्म थर हेच त्यांचे वंगण असते. कूलंटमध्ये गंज अथवा क्षार असतील, तर ते कण या कड्यांवर चरे पाडतात. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतणारा मालक आपल्या पंपाचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करीत असतो, कारण त्या पाण्यातले क्षार उष्णतेने साका धरतात आणि गंजरोधक द्रव्यांच्या अभावी धातू झिजू लागतो. काही पंपांत इंपेलर प्लॅस्टिकचा असतो. तो ठिसूळ होऊन तडकला किंवा शाफ्टवर सैल झाला, तर बाहेर पुली व्यवस्थित फिरत राहते आणि आत पाणी मात्र पुरेसे हलत नाही.

सील झिजल्याची वर्दी मिळावी आणि पाझरलेले पाणी बेअरिंगमधले ग्रीस धुऊन नेण्यापूर्वी बाहेर पडावे, म्हणून पंपाच्या घराला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र ठेवलेले असते. थंड इंजिनावर टॉर्चचा उजेड पाडून हे छिद्र पाहावे. त्याच्याखाली कूलंटच्या रंगाचा, हिरवट वा गुलाबी, वाळून पापुद्र्यासारखा झालेला ओघळ दिसला, तर सीलने जबाब दिला असे समजावे. गाडीखाली थेंबही दिसत नाही म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे, कारण तापलेल्या धातूवर पडलेला थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाळून जातो. पुढे बेअरिंग गुरगुरू लागते, आणि पुली हाताने धरून हलवली असता मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात ती ढिलाई हाताला लागते.

या साऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास काय ओढवते, हे सांगितलेच पाहिजे. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचे व ब्लॉक बिडाचा, अशा इंजिनात बोल्टांनी आवळलेले हेड अतितापाने वाकते, हेड गास्केट उडते, आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळू लागतो. मग हेड उतरवून फेसिंगला पाठवण्यापासून संपूर्ण इंजिनकामापर्यंत खर्चाची मजल जाते. त्यातही एक फसवणूक आहे : कूलंट पार निघून गेला, की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि डॅशबोर्डवरचा काटा कधीकधी उलट खाली येतो. चढलेला काटा एकाएकी उतरला म्हणून गाडी पुढे दामटणे घातक ठरते. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करावे, आणि ते पुरते निवल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.

आता स्थानाचा विचार करू. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत पंप इंजिनाच्या तोंडाशी, फॅन बेल्टवर चालणारा, सहज दिसणारा व सहज उतरणारा होता. असा पंप नियमाने तपासावा आणि पहिले लक्षण दिसताच बदलावा, इतके पुरे. परंतु तत्कालीन औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी होऊन रस्त्यावर आलेल्या १.९ लिटर डिझेल ऑक्टाव्हियासारख्या अनेक गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि बेल्टच्या कव्हरामागे झाकलेला असतो. तेथे त्याचे बेअरिंग जाम झाले, तर बेल्ट घसरतो किंवा तुटतो; बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि एका पंपापायी इंजिन गमावण्याची पाळी येते. टायमिंग बेल्टला कारखान्याने ठरवून दिलेली मुदत असते. पंपाला बहुधा अशी लेखी मुदत नसते, आणि म्हणूनच तो विसरला जातो.

कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना कौले उतरवली, की जाणता माणूस त्याच वेळी किडलेल्या रिपाही बदलून घेतो, कारण रिपेची किंमत थोडी आणि कौले पुन्हा उतरवण्याची मेहनत मोठी. पंपाचा न्याय हाच आहे. टायमिंग बेल्ट बदलताना कव्हरे, इंजिनाचा माउंट, टेन्शनर हे सगळे उतरलेलेच असते; पंपापर्यंतची वाट त्या दिवशी मोकळी असते आणि मजुरीचा मोठा हिस्सा अगोदरच खर्ची पडलेला असतो. जुना पंप तसाच ठेवून नवा बेल्ट चढवला आणि सहा महिन्यांनी पंप गळू लागला, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागते, शिवाय कूलंटने भिजलेला नवा बेल्टही टाकून द्यावा लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : चालत्या वस्तूला हात लावू नये, चांगला भाग काढून हलक्या प्रतीचा नवा बसवला, तर होते ते बिघडते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण नकली सुट्या भागांचा बाजार आपल्याकडे मोठा आहे. पण त्यावर उपाय मालाची निवड हा आहे, दिरंगाई नव्हे. गाडीच्या कंपनीचा अथवा नामांकित उत्पादकाचा पंप पक्क्या पावतीवर घ्यावा, आणि जुना पंप शेजारी ठेवून बोल्टांच्या जागा, इंपेलरचा व्यास व पात्यांची दिशा पडताळून पाहावी.

कामाची पद्धतही मालकाने जाणून घ्यावी. इंजिन थंड असताना कूलंट काढावा; टायमिंगच्या खुणा जुळवून इंजिन लॉक करावे; पंप बसतो ती जागा जुन्या गास्केटचा अंशही न ठेवता, पण धातूवर ओरखडा न पाडता, स्वच्छ करावी; बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे आवळावेत. बेल्टबरोबर टेन्शनर व आयडलर नवे घालावेत. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने पुरते दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात की नाही हे पाहावे. नंतर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा नवा कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावा, आत अडकलेली हवा काढावी, आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा तपासावी. काढलेला कूलंट गटारात वा उघड्यावर टाकू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, आणि मुकी जनावरे ते चाटून दगावतात.

शेवटी एक सूचना नोंदवहीविषयी. पंप व बेल्ट कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर बदलले, हे पावतीसह लिहून ठेवावे. दुसऱ्याकडून जुनी गाडी घेतानाही प्रथम हीच नोंद मागावी, आणि ती मिळाली नाही तर ते काम झालेलेच नाही असे गृहीत धरून, घाटाचा पहिला प्रवास ठरवण्यापूर्वी ते करून घ्यावे. ज्या गाडीतून आपण वृद्ध आईवडिलांना आणि लहान मुलांना घेऊन निघतो, तिच्या बाबतीत वेळेवर काढलेली ही तजवीज कर्तव्याच्या सदरातच मोडते.